कंपवात आणि सायटिका एकत्र आले तर: ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

पायातली कळ कमरेच्या दबलेल्या नसेची (सायटिकाची) आहे की कंपवाताची (पार्किन्सन्सची), हे ठरल्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही करू नका. माझ्याकडून ती सही होता होता राहिली, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतोय.

मी नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्ये छत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी तपासणीत. छापून आलेला कागद उलटसुलट बघायचा आणि दोष असेल तो बाजूला काढायचा. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, उजव्या हाताचा अंगठा थरथरायला लागला आणि कंपवाताचं निदान झालं. पुढे २०२३ च्या जुलैत बिटको चौकात रिक्षातून उतरताना उजव्या कुल्ल्यात चमक निघाली. मांडीच्या मागून, नडगीच्या बाहेरच्या अंगानं ती थेट पायाच्या अंगठ्यात गेली. रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर मी दहा मिनिटं तसाच धरून उभा होतो.

तीन आठवडे घरात सगळे म्हणत राहिले की कंपवात वाढला. मीही तेच मानलं. मग एमआरआय झाला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी सरकून नस दबलीय असं निघालं. पहिल्या सर्जननी तिथल्या तिथे सांगितलं, चार स्क्रू आणि दोन रॉड टाकू, मोकळे व्हाल. मुलगा तारीख घ्यायला निघाला होता. त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेहमीची तपासणी होती. त्यांनी एमआरआयची फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, "काका, दुखतं तेव्हा कंपवाताची गोळी घेऊन किती वेळ झालेला असतो?"

मला सांगता येईना. ते म्हणाले, "चौदा दिवस लिहून काढा, मग बोलू."

वही

शंभरपानी वही घ्या, मोबाईलच्या भानगडीत पडू नका. थरथरत्या हाताला पेन्सिल जड जात असेल तर घरातल्या कुणाला तरी लिहायला सांगा. माझी वही आमच्या सौभाग्यवतींनी लिहिली. दर नोंदीत वेळ, आधीची गोळी किती वाजता घेतली ती वेळ, दुखतंय कुठून कुठपर्यंत, शून्य ते दहात किती, आणि त्या वेळी काय चाललं होतं. बाकी काही नको.

माझ्या वहीतल्या तीन नोंदी जशाच्या तशा देतो.

पहाटे ४:५०. आधीची गोळी रात्री ८ ला. उजव्या पायाची बोटं आत वळली, पोटरीत गोळा आला, पाऊल आत फिरलं. सात. सकाळची गोळी ६:३० ला घेतली, सव्वासातला पाऊल सुटलं.

दुपारी १२:२०. गोळी ११ ची. हात मोकळा, थरथर नाही. खुर्चीत वीस मिनिटं बसल्यावर कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत कळ, खोकल्यावर जास्त. आठ.

संध्याकाळी ६. गोळी ३:३० ची. कंबर लाकडासारखी, पायात काही नाही. पाच.

मी या सगळ्याला एकच नाव देत होतो, सायटिका. प्रत्यक्षात तीन वेगळी दुखणी होती. पहाटेचं पाऊल वळणं हा कंपवातातला पीळ. रात्रभर गोळी नसल्यामुळे तो येतो आणि गोळी लागली की जातो. दुपारची कळ नसेची. तिला गोळीशी काही देणंघेणं नव्हतं. गोळी चढलेली, म्हणजे तिचा असर चालू असो, वा उतरलेली, बसलं की ही कळ यायची. संध्याकाळची कंबर म्हणजे पुढे झुकून चालण्याचा आणि ताठरलेल्या स्नायूंचा थकवा.

डॉक्टरांनी रात्रीसाठी हळूहळू विरघळणारी गोळी जोडली. पंधरा दिवसांत पहाटेचा पीळ जवळजवळ गेला. म्हणजे ज्या दुखण्यासाठी मी पाठीत स्क्रू टाकून घेणार होतो, त्यातलं मोठं एक दुखणं एका गोळीच्या वेळेनं गेलं. (गोळी आपल्या मनानं वाढवू किंवा हलवू नका. मात्रा प्रत्येकाची वेगळी असते.)

तुमचं वेगळं निघेल. कदाचित सगळं दुखणं नसेचंच असेल. पण चौदा दिवसांची वही हातात असली की डॉक्टरांसमोर "सारखं दुखतं" यापेक्षा जास्त काहीतरी सांगता येतं.

कधी थांबायचं नाही

वही, व्यायाम, दुसरं मत या सगळ्याला वेळ असतो. काही खुणा दिसल्या तर मात्र वेळ नसतो.

लघवी तुंबली, म्हणजे पोट भरल्यासारखं वाटतं पण होतच नाही. संडासवरचा ताबा सुटला. सायकलच्या सीटवर बसताना जो भाग टेकतो तो बधिर झाला, पुसताना हात लागलेला कळत नाही. दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी झाली. यातलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात न्या. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुपका असतो, तो पूर्ण दाबला गेल्याच्या या खुणा आहेत. तिथे तासांचा हिशोब असतो, सकाळची ओपीडी उघडायची वाट बघायची नसते.

आपल्यासारख्यांचा घोटाळा इथे होतो. कंपवातात बद्धकोष्ठ आणि वारंवार लघवी आधीपासूनच असते, त्यामुळे घरचे म्हणतात, हे तर नेहमीचंच. म्हणून फरक नीट लक्षात ठेवा. घाई लागणं जुनं असेल, पण तुंबणं आणि बधिरपणा नवीन आहे.

दुसरी खूण पावलाची. कंपवातात पाय घासतच चालतो, त्यामुळे पाऊल खरंच लुळं पडतंय हे लवकर कळत नाही. आम्ही घरी एक परीक्षा करायचो. पलंगावर पाय लांब करून बसायचं, पायाचे दोन्ही अंगठे स्वतःकडे खेचायचे आणि दुसऱ्यानं ते बोटानं खाली दाबायचे. दोन्हीकडे सारखा जोर लागला तर ठीक. एक अंगठा सहज खाली गेला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि तो दिवसागणिक ढिला पडत असेल तर त्याच दिवशी. ही परीक्षा गोळी चढलेली असताना करायची, एरवी कंपवाताचा मंदपणाच मोजला जातो.

ताप, विनाकारण घटलेलं वजन, आधी झालेला कॅन्सर, किंवा पडल्यानंतर सुरू झालेली कंबरदुखी, यातलं काही असेल तर तेही आधी सांगा.

औषधांची चिठ्ठी

इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला सगळ्यात मोठा त्रास सायटिकानं दिला नाही, चुकीच्या औषधानं दिला.

ऑगस्टमध्ये कळ असह्य झाली म्हणून एका दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन घेतलं. त्यानं मळमळ सुरू झाली, म्हणून उलटीचं दुसरं इंजेक्शन दिलं. त्या रात्री मी लाकूड झालो. कूस वळता येईना, तोंडातला घोट गिळता येईना. उलटीचं ते औषध मेटोक्लोप्रमाइड होतं. कंपवातात मेंदूमध्ये डोपामीन कमी असतं आणि हे औषध उरलेल्या डोपामीनचीच वाट अडवतं. आपल्याला ते चालत नाही. देणाऱ्याला माझा आजार ठाऊक नव्हता आणि कळवळत असताना मीही बोललो नाही.

त्या दिवसापासून एक चिठ्ठी माझ्या खिशात असते. तुमच्याही असू द्या. त्यात लिहा: मला पार्किन्सन्स आहे. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल, लेव्होसल्पिराइड देऊ नये. यातलं शेवटचं नाव नीट वाचून ठेवा. पित्ताच्या आणि गॅसच्या कॅप्सूलमध्ये ते दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं असतं आणि पेनकिलरसोबत पोटासाठी म्हणून सहज लिहून दिलं जातं. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर भिंगानं वाचा, किंवा मेडिकलवाल्याला वाचायला लावा. चक्कर येते म्हणून दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन हीसुद्धा कंपवात वाढवतात. मळमळीसाठी डॉक्टर बहुतेक वेळा डॉमपेरिडोन किंवा ओन्डॅनसेट्रॉन निवडतात, पण हृदयाचा त्रास असेल तर तोही सांगायचा.

ट्रामाडॉल हे दुसरं. पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत ते येतं आणि कंबरदुखीला सर्रास लिहिलं जातं. तुम्ही कंपवातासाठी रसाजिलीन, सेलेजिलीन किंवा सॅफिनामाइड घेत असाल तर ट्रामाडॉल आणि पेथिडिन धोक्याचे आहेत. ताप, घाबरंघुबरं होणं, अंग झटकणं इथपर्यंत जाऊ शकतं. खोकल्याच्या काही सिरपमध्ये डेक्स्ट्रोमेथॉर्फान असतं, तेही या गोळ्यांबरोबर चालत नाही. मी रसाजिलीन घेतो. माझ्या चिठ्ठीवरचं ट्रामाडॉल आमच्या जेल रोडच्या मेडिकलवाल्या पोरानं पकडलं आणि डॉक्टरांना फोन लावला. दुकान एकच ठेवा, असं मी सगळ्यांना सांगतो ते त्यामुळेच. तिथल्या माणसाला आपल्या सगळ्या गोळ्या माहीत असतात.

नसेच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन दिली जाते. मला रात्री ७५ मिलिग्रॅमची दिली होती. चौथ्या रात्री बाथरूमच्या उंबऱ्यात पडलो. कंपवातात उभं राहताना रक्तदाब आधीच उतरतो, त्यात या गोळीची गुंगी. सायटिकासाठी ही गोळी घेणाऱ्यांची आणि आत औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांची तुलना करणारा अभ्यास २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातून आला, त्यात दोघांत फरक निघाला नाही. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेची २०२० ची सूचनाही सायटिकाला ती देऊ नये अशीच आहे. तुमची चालू असेल तर एकदम बंद करू नका, विचारून हळूहळू कमी करा. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनीही गुंगी येते, पडायची भीती तिथेही तीच.

पेनकिलर पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब बघून, थोडे दिवस. शेकायला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, कारण बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. आणि कंबर "बसवून" देणाऱ्या हाडवैद्याकडे जाऊ नका. कंपवातात हाडं ठिसूळ असण्याची शक्यता जास्त असते. झटका देऊन मणका मोडला तर सायटिका परवडली म्हणाल.

रोजचा दिवस

पडून राहिलो तर बरं होईल, असं वाटतं. एखादा दिवस ठीक आहे. त्यापुढे सायटिकाही चिघळते आणि कंपवातही. आठ दिवस पलंगावर काढले तर पुन्हा चालायला लावताना महिना जातो.

गोळी चढलेली असते तेवढा वेळ चालण्याचा. माझा सकाळी साडेसात ते नऊ. सुरुवातीला दहा मिनिटं घरासमोर, मग विसावा, मग पुन्हा दहा. पुढे मुलगा रविवारी गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर न्यायचा. तिथली जमीन सपाट आहे आणि जागोजागी टेकायला मिळतं. आमच्याकडचे पावसाळ्यातले रस्ते सायटिकासाठी वाईट. स्कूटरच्या मागच्या सीटवर एक खड्डा म्हणजे पुढचे दोन दिवस गेले. मी दुचाकी सोडलीच.

पलंगावरून उठताना सरळ उठून बसायचं नाही. गुडघे वाकवायचे, खांदा आणि कंबर एकदम, ओंडका फिरवावा तसं कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे आणि हातानं रेटून बसायचं. कंपवातात कूस वळणंच अवघड, म्हणून कमरेखाली गुळगुळीत सॅटिनचा तुकडा अंथरा आणि पायाकडे साधी चादर ठेवा, म्हणजे टाच रोवता येते. सॅटिन आम्ही मेन रोडवरून मीटरवर आणलं. गेल्या पाच-सहा वर्षांतली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी खरेदी असेल. बसून दोन मिनिटं थांबायचं, मग उभं राहायचं.

उकिडवं बसणं बंद. कमोड हवा, बाजूला पकडायला दांडा हवा. खुर्ची उंच आणि हातांची. जमिनीवर जेवायला बसायचा माझा आग्रह होता, तो सोडला.

पोट साफ राहणं हा सायटिकाचा अर्धा उपचार आहे. कुंथलं की कळ अंगठ्यापर्यंत जाते. रात्री इसबगोल, दिवसभर पाणी, पपई. कंपवाताची गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, रिकाम्या पोटी. डाळ, अंडी, पनीर यांतली प्रथिनं आतड्यात तिची वाट अडवतात. दुपारी वरणाबरोबर गोळी घेतली की माझी ती गोळी लागायचीच नाही, आणि ताठरलेल्या कमरेनं कळ आणखी वाढायची.

व्यायाम फिजिओथेरपिस्टकडूनच शिका, आणि शक्यतो ज्यांनी कंपवाताचे पेशंट पाहिलेत त्यांच्याकडून. मला पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं. त्यांची खूण सोपी होती. व्यायाम करताना दुखणं पावलाकडून वर कमरेकडे सरकलं तर तो व्यायाम तुमचा, खाली पावलाकडे गेलं तर थांबायचं. ज्यांच्या मणक्यातली नळी अरुंद झालीय त्यांचं उलट असतं. त्यांना उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात आणि पुढे वाकलं, बसलं की बरं वाटतं. मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरतील, पण ट्रॉलीशिवाय फाटकापर्यंत जाववत नाही. त्यांनी पालथं झोपून छाती उचलायचा हट्ट धरू नये. शेजाऱ्याचा व्यायाम बघून करू नका म्हणतात ते याचसाठी.

ऑपरेशन: कोणतं, कशासाठी, कधी

सरकलेल्या गादीची सायटिका बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत आपसूक उतरते. बाहेर आलेला तुकडा शरीरच हळूहळू शोषून घेतं. नेदरलँड्समध्ये २८३ जणांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं, अर्ध्यांना थांबवलं. ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर गेलं, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. ते काही कंपवाताचे पेशंट नव्हते, तरी मला त्यातून एवढं कळलं की पायात ताकद आहे तोवर घाई नाही, आणि थांबणं म्हणजे दार कायमचं बंद करणंही नाही.

एमआरआयला घाबरू नका. साठी-सत्तरीतल्या धडधाकट माणसाच्या एमआरआयतही फुगलेल्या गाद्या दिसतात. ऐंशीच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांत त्यांचं प्रमाण ८४ टक्के आढळलंय. नोट उजेडाला धरली की पुढचा अर्धवट आकडा आणि मागचा अर्धवट आकडा जुळून पुरा होतो. तशी फिल्म आणि पाय जुळले पाहिजेत. कमरेच्या पाचव्या नसेचं दुखणं नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडे जातं, त्याखालच्या नसेचं पोटरीतून करंगळीकडे. फिल्ममध्ये एक नस दबलेली आणि दुखतंय दुसऱ्याच वाटेवर, असं असेल तर ऑपरेशनचा उपयोग कशाला? माझं जुळत होतं.

मग कोणतं ऑपरेशन, हा प्रश्न. लोक "मणक्याचं ऑपरेशन" असं एकच नाव घेतात. नसेवरचा तुकडा किंवा हाडाची कड काढून नस मोकळी करणं हे एक. मणके स्क्रू-रॉडनं एकमेकांना जखडणं हे वेगळं आणि मोठं. कंपवातात दुसऱ्याबद्दल फार सावध राहायला हवं. हाडं ठिसूळ असतात, शरीर पुढे आणि बाजूला ओढत राहतं, आपण पडतो. त्यामुळे स्क्रू सैल होतात, जखडलेल्या भागाच्या वरचा मणका वाकतो. अमेरिकेतल्या २००४ च्या एका अहवालात मणक्याचं ऑपरेशन झालेले कंपवाताचे १४ पेशंट होते, त्यांतल्या १२ जणांना पुन्हा टेबलावर जावं लागलं. आकडा लहान आहे, जुना आहे, आणि त्यानंतर तंत्र सुधारलं. तरीही तो वाचल्यावर मी स्क्रूबद्दलचे प्रश्न अंगठ्याच्या दुखण्यापेक्षा जास्त गंभीरपणे विचारायला लागलो. काहींना स्क्रू खरंच लागतात, मणका जागेवरून सरकत असेल तर. तुमचा सरकतोय का, हे उभं राहून, वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसतं. तो काढलाय का, हे विचारा.

दुसऱ्या मतासाठी मुलानं मुंबईच्या एका सर्जनची वेळ घेतली. पंचवटी एक्स्प्रेसनं नेऊ म्हणत होता, पण तेवढा वेळ बसवणार नाही म्हणून त्यांच्याकडे आधी फिल्म आणि वही पाठवली आणि व्हिडिओवर बोललो. मी विचारलेले प्रश्न असे. नुसती नस मोकळी करून भागेल का? भागणार नसेल तर का? माझ्या हाडांची घनता मोजलीय का, ड जीवनसत्त्व किती? तुम्ही कंपवाताच्या किती जणांची अशी ऑपरेशनं केलीत आणि वर्षानं ते कसे होते? ऑपरेशननं यातलं काय जाणार नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात मोलाचं होतं. ते म्हणाले, पायातली कळ जाईल. कंबरदुखी बरीचशी राहील. वाक, तोल, पाय अडकणं यांना ऑपरेशनचा हात लागणार नाही. त्या रात्री आम्ही चौघं बसलो, मी, सौ., मुलगा आणि सून. सूनबाईंनी विचारलं, "बाबा, तुम्हाला नेमकं काय परत हवंय?" मी म्हटलं, रात्री एकट्यानं बाथरूमला जाणं आणि अर्धा तास जेवणाच्या टेबलावर बसणं. या दोन्ही गोष्टी पायातल्या कळेमुळे अडल्या होत्या, म्हणजे ऑपरेशननं मिळण्यासारखं होतं. ताठ उभं राहणं परत हवं असं मी म्हटलं असतं, तर ऑपरेशन चुकीचं ठरलं असतं.

ऑक्टोबरमध्ये नसेच्या मुळाशी इंजेक्शन घेतलं. पाच आठवडे छान गेले. मधुमेह असेल तर त्यातल्या स्टेरॉइडनं साखर काही दिवस चढते, ते आधी विचारा. आराम टिकला नाही, पण नस तीच आहे हे पक्कं झालं. डिसेंबरात अंगठ्याच्या परीक्षेत उजवा अंगठा सौं.च्या एका बोटानं खाली जायला लागला. तिथे थांबणं संपलं. मेंदूविकारतज्ज्ञ आणि सर्जन एकमेकांशी फोनवर बोलले. हे बोलणं घडवून आणा, पत्रावर भागवू नका. जानेवारी २०२४ मध्ये स्क्रूशिवाय, फक्त नस मोकळी करण्याचं ऑपरेशन ठरलं.

दवाखान्यात

भरती होण्याआधी भूलतज्ज्ञांना भेटा. उपाशी राहायचं म्हणून कंपवाताची गोळी बंद करतात, ते होऊ देऊ नका. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर घेता येते का हे त्यांच्याकडून लिहून घ्या. त्या दिवशीचा पहिला नंबर मागा, म्हणजे पुढच्या गोळ्या चुकत नाहीत. रसाजिलीनसारखी गोळी आधी थांबवायची का, हेही तेच ठरवतील. लेव्होडोपा, म्हणजे कंपवाताची मुख्य गोळी, एकाएकी तुटली तर ताप, ताठरपणा आणि बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतं. तोंडानं घेणं जमत नसेल तर नाकातल्या नळीतून देतात.

पलंगाच्या डोक्याशी आम्ही मोठ्या अक्षरात कागद चिकटवला होता: "पार्किन्सन्स. गोळ्या ६:३०, ११, ३:३०, ८ आणि रात्री झोपताना. राउंडची वाट बघू नये. मेटोक्लोप्रमाइड, हॅलोपेरिडॉल नको. रसाजिलीन चालू, ट्रामाडॉल, पेथिडिन नको." वॉर्डमध्ये औषधं वॉर्डाच्या वेळेनं वाटतात. सिस्टरशी आधीच बोलून गोळ्यांचा डबा सौं.कडे ठेवायची परवानगी घेतली.

दुसऱ्या रात्री मला भिंतीवर मुंग्यांची रांग दिसायला लागली. मी उठून झटकायला निघालो. कंपवातात ऑपरेशननंतर असा भ्रम होऊ शकतो. घरचं माणूस रात्री हवंच. चष्मा आणि श्रवणयंत्र जवळ ठेवा, मंद दिवा चालू ठेवा, आज कुठला वार आहे ते सांगत राहा. डॉक्टर शांत करायला औषध देऊ म्हणाले तर कागदाकडे बोट दाखवा. लघवी तुंबलीय का, पोट साफ आहे का, दुखतंय का हेही बघायला सांगा, बऱ्याचदा मूळ तिथे असतं. माझं दोन दिवसांत ओसरलं.

जेवताना नव्वद अंशात बसवा, हनुवटी खाली, छोटा घास. ठसका लागून फुप्फुसात गेलं तर ऑपरेशनपेक्षा मोठं दुखणं होतं. दुसऱ्या दिवशी गोळी चढल्यावर फिजिओनं उभं केलं. पायातली कळ तेव्हाच नव्हती.

सहा आठवडे वाकणं, पिळणं, वजन उचलणं बंद होतं. अंगठ्याची ताकद हळूहळू आली, सगळी नाही. संध्याकाळची कंबर अजून दुखते आणि वाक तसाच आहे. जेवणाच्या टेबलावर मी अर्धा तास बसतो. दर रविवारी सकाळी साडेसातला, गोळी लागल्यावर, सौ. दोन्ही अंगठे दाबून बघते आणि वहीत आकडा लिहिते. आता तिसरी वही चालू आहे.